आंबील प्या, पण साखर मोजा!

"रोज सकाळी ज्वारीची आंबील प्या, साखर मुळापासून जाईल, गोळ्या फेकून द्या," असा प्रचार सध्या मोबाईलवरून वस्त्यावस्त्यांत पोहोचला आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील माणसाला तो चटकन पटतो. कारण आंबील त्याला परकी नाही. आजीच्या हातची, लसूण-जिऱ्याची, ताक घातलेली आंबील भुरकूनच त्याचे बालपण गेले आहे. दुसऱ्या बाजूला शिकलेला वर्ग या सगळ्याला अडाण्यांचा खुळेपणा म्हणून हसतो. या दोन्ही बाजूंना उत्तर देणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण या वादात जीव जातो तो आमच्या माणसाचा.

आमची भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आंबवलेल्या अन्नाने रक्तातील साखरेला थोडा आळा बसू शकतो, ही गोष्ट खरी आहे. ते मधुमेहावरचे औषध आहे, ही गोष्ट खोटी आहे. आणि ज्या मजुराला ज्वारी परवडत नाही, ज्याची साखर कधी कुणी तपासलीच नाही, त्याला नुसते आंबिलीचे गुण सांगून मोकळे होणे ही शुद्ध लबाडी आहे.

आधी हा मुलूख समजून घेऊ. निरा डावा कालवा इंग्रजी अमदानीत १८८५ साली सुरू झाला आणि बारामतीच्या माळावर पाणी आले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे सहकार आला. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा निरा-भीमा अशी धुराडी एकामागून एक उभी राहिली. उजनी धरण झाल्यावर भीमेकाठही उसाखाली गेला. सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा सोडला तर जिकडे पाहावे तिकडे ऊस. या उसाने काहींच्या माड्या चढल्या, हे सर्वांना दिसते. पण उसाने ज्वारीला मागे रेटले आणि ज्वारीबरोबर भूमिहीनाच्या ताटातली भाकरीही मागे सरली, हे कोण बोलणार? पूर्वी सुगीच्या कामाला मजुरी म्हणून जोंधळा मिळत असे. तो वर्षभर कणगीत राही. आता मजुरी रोखीत मिळते आणि त्या रोखीतून दुकानातली साखर, मैदा, पाव आणि पुडीतली भजी घरात येतात.

साखर हा श्रीमंतांचा रोग आहे, आपण राबणारी माणसे, आपल्याला तो कशाला होईल, असे आमचे अनेक बांधव अजूनही म्हणतात. हा गैरसमज जीवघेणा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीचा एक भाग २०१७ साली बाहेर आला होता. त्यात महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंदीगड येथील शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण सधनांपेक्षा गरिबांत जास्त आढळले. म्हणजे रोगाने घर बदलले आहे. तो बंगल्यातून निघून झोपडपट्टीत मुक्कामाला आला आहे.

याचे एक कारण आपल्या पुणे जिल्ह्यातच शोधले गेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त, असे दिसून आले. दिसायला काटक, आतून मात्र मधुमेहाला अनुकूल. आईच्या पोटातली उपासमार पुढे आयुष्यभर पाठ सोडत नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात जी मुले पोटात होती, त्यांच्यातही मोठेपणी साखरेचा त्रास अधिक आढळला. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि मिलो-सुकडीवर दिवस काढणाऱ्या बाया गरोदर होत्या. त्यांची लेकरे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. पोट सुटलेले नाही म्हणून साखर नाही, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आता आंबवण्याच्या प्रश्नाकडे येऊ. आंबणे म्हणजे काय, हे साखर कारखान्याच्या भागातील माणसाला शिकवण्याची गरज नाही. कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीच्या टाक्यांत यीस्ट सोडतात. ते मळीतली साखर खाते आणि दारू तयार होते. गाडग्यातल्या आंबिलीतही सूक्ष्म जीवच काम करतात. फरक एवढाच की इथे मुख्य काम दह्यातल्या जिवाणूंचे असते आणि ते साखरेपासून आम्ल बनवतात. म्हणून आंबील आंबट लागते. काहींना वाटते की जिवाणूंनी साखर खाऊन टाकली म्हणजे आपल्या वाट्याला साखर राहिलीच नाही. तसे नाही. एका रात्रीत पिठातल्या पिष्टाचा अगदी थोडा भाग खर्च होतो. बाकीचे पिष्ट तसेच राहते आणि पोटात गेल्यावर त्याची साखरच होते.

मग फायदा कुठे आहे? फायदा आहे तो आंबटपणात. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात प्रयोग करून दाखवले की, पावात आंबवण्यातले आम्ल असले किंवा जेवणात व्हिनेगर असले, तर जेवणानंतर रक्तातील साखर कमी वेगाने चढते. आम्लामुळे पिष्टाचे पचन मंदावते किंवा अन्न जठरातून पुढे सरकायला वेळ लागतो. साखर एकदम उसळण्याऐवजी हळूहळू रक्तात येते. मधुमेही माणसाचे इन्सुलिन दुबळे किंवा अपुरे असते. त्याच्यावर एकदम भार पडण्याऐवजी थोडा थोडा भार पडतो, एवढाच त्याचा अर्थ. कालव्याचे दार एकदम उघडणे आणि बेताने उघडणे यात जो फरक आहे, तोच हा फरक आहे. पाणी तेवढेच, पण पिकाचा बांध फुटत नाही.

दही-ताकाचेही असेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १ मार्च २०२४ रोजी दही विकणाऱ्यांना एक दावा करण्याची मुभा दिली. आठवड्याला किमान दोन कप दही नियमित खाल्ल्यास मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, पण याला मर्यादित शास्त्रीय आधार आहे, असा तो दावा. 'मर्यादित' हा शब्द वगळून दावा करता येणार नाही, हेही त्यांनी बजावले. आपल्याकडे मोबाईलवर फिरणाऱ्या मजकुरात नेमका हाच शब्द गाळलेला असतो. २०२१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी माणसांवर एक अभ्यास झाला. जे दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खात होते, त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातील दाह दाखवणारी १९ प्रथिने कमी झाली. दाह आणि मधुमेह यांचा संबंध आहे. पण त्या अभ्यासावरून आंबिलीने साखर बरी होते असे सिद्ध होत नाही. जेवढे सिद्ध झाले तेवढेच बोलावे.

ज्वारीचा गुण मात्र आंबवण्याहून वेगळा मोजावा लागेल. हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेच्या पुढाकाराने २०२१ साली भरडधान्यांवरील अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्र ताळेबंद मांडला गेला. मधुमेही माणसांनी रोजच्या आहारात ज्वारी, बाजरी, नाचणीसारखी धान्ये घेतली, तेव्हा त्यांची उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर १२ ते १५ टक्क्यांनी उतरलेली दिसली. म्हणजे आंबिलीला जे श्रेय दिले जाते, त्यातला मोठा वाटा धान्याचा आहे. आंबवण्याचा आणखी एक लाभ आहे. धान्यातले लोह अडवून धरणारे फायटेट आंबवल्याने कमी होते आणि लोह अंगी लागते. अंगात रक्त नसलेल्या आमच्या आयाबहिणींसाठी ही गोष्ट साखरेइतकीच मोलाची आहे.

पण 'आंबवलेले ते सगळे चांगले' हे सूत्र मान्य केले तर काय होईल? जिलेबीचे पीठही आंबवलेलेच असते. मग ते तळून पाकात बुडवतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवून आंबवतात आणि त्यात गूळ मळतात. श्रीखंड दह्याच्याच चक्क्याचे, पण त्यात चक्क्याइतकीच साखर. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालतात, आंबवतात, त्याचा कोंडा काढून टाकतात आणि उरलेला चीक शिजवून वाळवतात. म्हणजे आंबवून शेवटी हाती आले ते निव्वळ पिष्ट. ते तेलात तळले की साखरही वाढते आणि चरबीही. वडापावचा पाव यीस्टनेच फुगवलेला असतो. इडलीही आंबवलेली, पण बारीक वाटलेल्या तांदळाची आणि मऊ उकडलेली असल्याने चार इडल्या साखर चांगलीच चढवतात. आणि हातभट्टी? तीही गूळ आंबवूनच गाळतात. साखरेच्या रोग्याने गोळ्या घेऊन उपाशीपोटी ती ढोसली तर साखर एकदम कोसळून तो उठणारही नाही. तेव्हा प्रश्न आंबवले की नाही एवढाच नसतो. काय आंबवले, त्यात पुढे काय घातले आणि किती खाल्ले, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय घास उचलू नये.

शहरातल्या मोठ्या दुकानांत हल्ली 'प्रोबायोटिक' म्हणून छोट्या बाटल्या विकतात. त्यांतल्या अनेकांत साखर घातलेली असते. महामार्गावर 'गुळाचा चहा' असे फलक लावून मधुमेह्यांनाही बोलावले जाते. गुळाचा बहुतांश भाग साखरच आहे. रंग बदलला म्हणून जात बदलत नाही, हे निदान साखरेच्या बाबतीत तरी खरे आहे! साध्या चहाचाच हिशेब करा. एका कपात दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर. थळात काम करणारा माणूस दिवसाला सहा कप सहज पितो. झाली ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. सकाळी एक वाटी आंबील पिऊन दिवसभर सहा कप गोड चहा रिचवणाऱ्याला ती आंबील काय वाचवणार?

आता एका नाजूक मुद्द्याला हात घालतो. आंबलेले, शिळे, बुरसटलेले हे शब्द ऐकले की आमच्या जुन्या माणसांच्या अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. येसकराची पाळी, हातात काठी, घोंगडीची झोळी आणि दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे. ते अन्न नव्हते, ती गुलामी होती. म्हणून तर १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा. त्या हाकेने आमच्या चुलीचा इतिहास बदलला. आज कुणी आरोग्याच्या नावाखाली 'तुमचे जुने शिळे खाणेच बरे होते' असे सांगू लागला, तर त्याला तिथेच थांबवले पाहिजे. बाबासाहेबांनी उष्टे सोडायला सांगितले होते. आपल्या घरी, आपल्या धान्याची, आपल्या हाताने ठरवून आंबवलेली आंबील ही उष्टी नव्हे. ते आमच्या आयांचे ज्ञान आहे. कोणत्या ऋतूत किती वेळ आंबवायचे, ताक कधी घालायचे, वास कसा आला की टाकून द्यायचे, हे त्यांना पुस्तकाविना ठाऊक होते. दान मिळालेले शिळे आणि ज्ञानाने आंबवलेले ताजे यांतला हा भेद ज्याला कळत नाही, त्याने आमच्या ताटाबद्दल बोलू नये.

गंमत पाहा. ज्या ज्वारी-बाजरीला काल 'गरिबाचे धान्य' म्हणून नाक मुरडले जात होते, तिला केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात 'श्रीअन्न' म्हटले. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते. चर्चासत्रे झाली, मेजवान्या झाल्या. आणि रेशन दुकानात? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो, असे स्पष्ट लिहिले होते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. पण वस्तीतल्या कार्डधारकाच्या पिशवीत महिन्यामागून महिने पडतात ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळच. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला १ किलो साखर सवलतीत देण्याची योजना सरकारने चालवली. म्हणजे साखर सवलतीची आणि ज्वारी बाजारभावाने! धान्याला 'श्री' लावले आणि ते गरिबाच्या हातून काढून घेतले. नाव मोठे झाले की माणूस छोटा होतो, हा या देशाचा जुना अनुभव आहे.

ज्यांना आंबील घ्यायची आहे त्यांनी ती कशी घ्यावी, हेही सांगणे आमचे काम आहे. एका माणसासाठी ज्वारीचे दोन-तीन चमचे पीठ पाण्यात किंवा ताकात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. भांडे स्वच्छ हवे. उन्हाळ्यात ते लवकर आंबते, थंडीत वेळ लागतो. सकाळी उकळत्या पाण्यात ते सोडून ढवळत शिजवावे, त्यात ठेचलेला लसूण आणि जिरे घालावे. शिजवल्याने जिवाणू मरतात, आंबटपणा मात्र राहतो. म्हणून जिवंत जिवाणू हवे असतील तर आंबील निवल्यावर वरून ताक घालावे. साखर-गूळ घालू नये. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मिठाला हात आखडता घ्यावा. एक गोष्ट लक्षात असू द्या, की पातळ शिजवलेले पीठ भाकरीपेक्षा लवकर पचते. आंबटपणा आणि ताक त्या वेगाला लगाम घालतात, पण तीन-तीन वाट्या प्यायल्यावर तो लगामही तुटतो. एक वाटी आंबील, सोबत मोड आलेली मटकी किंवा उसळ, आणि नंतरचा गोड चहा बंद, असे केले तर त्याला अर्थ आहे.

आणि मग मोजा. कुणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. मधुमेह्यासाठी ही तपासणी म्हणजे बोटाला टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब. तीन दिवस नेहमीची न्याहारी करा आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर पाहा. पुढचे तीन दिवस त्याऐवजी आंबील घ्या आणि तशीच पाहा. गोळ्या त्याच, काम तेच. आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. उपाशीपोटी १०० च्या आत साखर असणे चांगले, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा आणि १२६ किंवा त्याहून जास्त पुन्हा पुन्हा येत असेल तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आली तरी तेच निदान. अंगात रक्त कमी असेल तर ही तपासणी चकवू शकते, म्हणून डॉक्टरांना तसे आधी सांगावे.

गोळ्या किंवा इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कोणी बंद करू नये. हे आम्ही हात जोडून सांगतो. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याने जेवणाऐवजी नुसती पातळ आंबील पिऊन उसाच्या फडात कोयता धरला, तर साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे होऊ शकते. अशा वेळी आंबील कामाची नाही. तीन चमचे साखर पाण्यात घोळून ताबडतोब द्यावी लागते. साखरेच्या कारखान्याच्या गेटसमोर साखर उतरून माणूस दगावावा, याहून मोठी शोकांतिका कोणती? उलट औषध सोडून साखर चढत राहिली की पायाची संवेदना जाते. उसाच्या पाचटाने, खोडक्याने झालेली जखम कळतही नाही. ती चिघळते आणि मग पाय कापावा लागतो. भूमिहीन माणसाची सारी इस्टेट म्हणजे त्याचे हातपाय. पाय गेला की घर बसले.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, हे आम्ही विसरता कामा नये. देशाची घटना लिहिण्याच्या काळात या रोगाने त्यांच्या पायांत वेदना भरल्या होत्या, रात्रीची झोप हिरावली होती, इन्सुलिन घ्यावे लागत होते. १९४८ साली त्यांच्या आयुष्यात आलेल्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या पथ्यपाण्याची काळजी घेत होत्या. पुढे दृष्टीही अधू झाली. वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. जगातल्या थोर विद्यापीठांत शिकलेल्या त्या महामानवाने आधुनिक वैद्यकाचा आधार घेतला. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी मोबाईलवरच्या निनावी वैद्याचे ऐकून गोळ्या गटारात टाकाव्यात काय?

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत. पहिली, बारामती-इंदापूरच्या रेशन दुकानांतून नियमित ज्वारी मिळालीच पाहिजे. ती कायद्यात आहे, कुणाच्या मेहेरबानीत नाही. सुपे-मोरगावच्या आणि इंदापूरच्या जिरायती भागातील शेतकऱ्याची ज्वारी सरकारने हमीभावाने घ्यावी आणि त्याच तालुक्यात वाटावी. दोघांचेही भले होईल. दुसरी, ३० वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह-रक्तदाब तपासणी करण्याचा सरकारचाच राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तो वस्तीत येऊन, संध्याकाळी, मजूर कामावरून परतल्यावर राबवावा. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून गाळपाच्या हंगामात येणारे ऊसतोड कामगार कोप्यांत राहतात. त्यांच्या तळावर आरोग्य पथक गेले पाहिजे आणि कारखान्यांनी त्याचा भार उचलला पाहिजे. तिसरी, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत करण्यात आले आहेत. मग मधुमेहाची गोळी 'संपली आहे, बाहेरून आणा' हे वाक्य तिथे ऐकू येता कामा नये. चौथी, बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. या संस्थांनी इथलीच ज्वारी, इथलीच आंबील आणि इथलीच राबणारी माणसे घेऊन साखरेचे पद्धतशीर मोजमाप करावे. उसाच्या उताऱ्याचा टक्का दशांशापर्यंत मोजणाऱ्या तालुक्यात माणसाच्या रक्तातील साखर मोजायला माणूस मिळत नसेल, तर विकास कशाला म्हणायचा?

सरकार हे सारे उद्या करील या आशेवर मात्र बसून राहू नका. विहारात दर रविवारी आपण जमतो. तिथेच महिन्यातून एकदा वस्तीतल्या आशाताईंना बोलवा, साखर तपासण्याचे यंत्र आणवा आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचे बोट पुढे करा. ज्याची साखर जास्त निघेल त्याला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेण्याची जबाबदारी एका तरुणाने घ्यावी. समारंभातल्या बुंदी-जिलेबीऐवजी एकदा ज्वारीची आंबील आणि मटकीची उसळ वाढून पाहा. आयांनी ती करावी आणि मुलींइतकीच मुलांनीही ती शिकून घ्यावी. आंबील आमची आहे, ती अभिमानाने प्या. गोळी वेळेवर घ्या आणि साखर मोजत राहा. चळवळीला माणसे लागतात, आणि ती जिवंत, दोन्ही पायांवर उभी असलेली लागतात.